छोटा ऑटोफोकस फिल्म एसएलआर: रोल घालण्याआधी आणि घातल्यावर

अंबाजोगाईत माझ्या मामांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नसराई, शाळांचे ओळखपत्राचे फोटो आणि पोळ्याच्या दिवशी झूल घालून दुकानासमोर उभ्या राहणाऱ्या बैलजोड्या, एवढ्यावर तो चालायचा. दुकान आवरलं तेव्हा कपाटातून एक काळी पिशवी निघाली. आत कॅनन ईओएस ३००, त्यावर २८-९०ची झूम आणि कापडात गुंडाळलेली ५० एमएमची छोटी लेन्स. मामा म्हणाले, "घेऊन जा. पण लगेच रोल घालू नकोस. आधी आठ दिवस रिकामाच चालव."

मी त्यांचं ऐकलं आणि तुम्हीही ऐकावं म्हणून हे लिहितो आहे. रोल, धुलाई, स्कॅन आणि कुरियर धरलं तर आज एका फोटोला वडापावपेक्षा जास्त पैसे पडतात, आणि चूक झालेली कळते ती पंधरा दिवसांनी. हा कॅमेरा पुष्कळ गोष्टी स्वतः ठरवतो. तो कशावरून ठरवतो आणि कुठे फसतो, हे रिकाम्या कॅमेऱ्यावर फुकटात शिकता येतं.

हाती नेमकं काय आलं आहे

बॉडीतच ऑटोफोकस असलेला एसएलआर (आरशाच्या मदतीने लेन्समधलंच दृश्य डोळ्याला दाखवणारा कॅमेरा) लोकांनी खऱ्या अर्थानं उचलून धरला तो १९८५च्या मिनोल्टा ७०००पासून. कॅननचा ईओएस ६५० १९८७ साली आला. त्या वेळी कॅननने जुना माउंट (बॉडीवर लेन्स बसते ती कडी) सोडून नवा ईएफ माउंट घेतला. त्यात बॉडी आणि लेन्समध्ये एकही यांत्रिक दांडा नाही, सगळं बोलणं विजेच्या टोकांमधून चालतं आणि फोकसची मोटर लेन्समध्ये असते. निकॉनने १९५९पासूनचा एफ माउंट ठेवला आणि सुरुवातीला मोटर बॉडीत बसवली. पुढे १९९०च्या दशकात आणि २०००नंतर दोघांनीही घरगुती वापराच्या हलक्या बॉड्या काढल्या: कॅननच्या ईओएस ५००, ५००एन, ३००, ३००व्ही आणि निकॉनच्या एफ६५, एफ७५. जुन्या बाजारात आज स्वस्तात मिळतात त्या प्रामुख्याने याच.

मी ईओएस ३०० धरून सांगतो, कारण तोच माझ्या हातात आहे. तो १९९९चा. वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे घरातला भरलेला स्टीलचा तांब्या याहून जड भरेल. हलकेपणा दोन गोष्टींतून येतो: बॉडी प्लास्टिकची आहे आणि वर काचेच्या घन प्रिझमऐवजी आरसे जोडून केलेली पोकळ रचना आहे. त्यामुळे व्ह्यूफाइंडर थोडा लहान आणि थोडा मंद दिसतो. शिवाय चौकटीचा साधारण ९० टक्केच भाग त्यात दिसतो, निगेटिव्हवर कडेचं आणखी थोडं येतं. कडेला विजेचा खांब अगदी जेमतेम बाहेर ठेवला असेल, तर तो फोटोत येणार हे धरूनच चाला.

घरी कॅननचा डिजिटल एसएलआर असेल तर त्याची ५० एमएम १.८ या बॉडीवर सरळ बसते. डिजिटलसोबत आलेली १८-५५ मात्र बसत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. लेन्सच्या कडेला लाल ठिपका असेल तर ती ईएफ, चालते. पांढरा चौकोन असेल तर ती ईएफ-एस, ती जबरदस्तीने बसवू नका.

मागचं दार उघडून आधी बघा

कॅमेरा विकत घेत असाल किंवा कपाटातून निघाला असेल, पहिली तपासणी मागचं दार उघडून करायची. शटरच्या पात्यांना बोट लावायचं नाही, फक्त उजेडात तिरकं धरून बघायचं. पात्यांवर काळे, चिकट डांबरासारखे डाग दिसले तर सावध व्हा. त्या काळातल्या बऱ्याच ईओएस बॉड्यांमध्ये शटरचा धक्का झेलणारा मऊ तुकडा वर्षानुवर्षांत विरघळतो आणि पात्यांवर उतरतो. मग पाती चिकटतात आणि फोटो अर्धा काळा येतो. असा कॅमेरा कितीही स्वस्त मिळत असला तरी नवख्याने घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढे लेन्स काढा, पांढऱ्या भिंतीकडे किंवा आकाशाकडे धरा, मागून बघत शटर दाबा. मोडची डायल टीव्हीवर (Tv, म्हणजे शटरचा वेग आपण ठरवायचा) ठेवून १/३०पासून १/२०००पर्यंत एकेक वेग चालवा. वेग वाढेल तसा दिसणारा उजेड कमी होत जायला हवा आणि चौकट सगळीकडे सारखी उजळायला हवी. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च टाकून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. आपला प्रदेश कोरडा आहे खरा, पण चामड्याच्या पिशवीत, बंद कपाटात वीस पावसाळे काढलेल्या लेन्सला बुरशी लागतेच. आतला आरसा कापडाने पुसू नका. त्याचा थर काचेच्या वरच्या बाजूला असतो, एका पुसण्यात ओरखडे येतात. रबरी फुग्याची हवा पुरे.

बॅटरी

सीआर२ जातीच्या दोन लागतात, प्रत्येकी ३ व्होल्ट. ५०० आणि ५००एनला सीआर१२३ए लागते, त्यामुळे बॉडीचं नाव बघूनच मागवा. बॅटरी नसेल तर हा कॅमेरा म्हणजे नुसता डबा आहे. शटरही उडत नाही, रोलही फिरत नाही. तालुक्याच्या गावी सीआर२ हमखास मिळेल याचा भरवसा धरू नका, एक जोडी पिशवीत जास्तीची ठेवा. त्याच आकाराच्या चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या मिळतात, पण त्यातल्या कित्येक ३.७ व्होल्टच्या असतात. दोन मिळून ६ऐवजी ७.४ व्होल्ट होतात. त्या मी घालत नाही. बीपी-२०० नावाचा जोडपट्टा जुन्या बाजारात सापडला तर घ्या. त्यात साधे चार पेन्सिल सेल बसतात, आणि ते तर गावच्या किराणा दुकानातही मिळतात.

फोकस: यंत्राला काय दिसतं

मुख्य आरसा अर्धपारदर्शक असतो. लेन्समधून आलेल्या उजेडाचा थोडा भाग त्याच्या आरपार जातो, मागच्या छोट्या आरशावर आदळून खाली बॉडीच्या तळाशी असलेल्या सेन्सरवर उतरतो. तिथे लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या दोन प्रतिमांमधलं अंतर मोजलं जातं. त्यावरून फोकस पुढे आहे की मागे आणि किती, हे एकाच मोजणीत कळतं. डिजिटल कॅमेरा मागच्या पडद्यावर पुढेमागे हलत फोकस शोधतो तसं इथे होत नाही. म्हणूनच पंचवीसेक वर्षांपूर्वीचा हा कॅमेरा दिवसाउजेडी इतका चपळ वाटतो.

पण ही मोजणी रेघांवर चालते. काहीतरी कड, काहीतरी रंगाचा फरक लागतो. चुन्याने रंगवलेली नुसती भिंत, ढगाशिवायचं आकाश, दुपारच्या उन्हातली पांढरी चादर, यांवर त्याला धरायला काही सापडत नाही आणि लेन्स पुढेमागे फिरत राहते. बीबी का मकबऱ्याच्या पांढऱ्या भिंतीवर हे करून बघा. मग फोकसचा ठिपका (व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारी खूण) भिंतीच्या कडेवर किंवा जाळीवर न्या, क्षणात फोकस बसेल.

ईओएस ३००मध्ये असे सात ठिपके आहेत, अधिकच्या चिन्हासारखे मांडलेले. सातही चालू ठेवले तर कॅमेरा बहुधा सगळ्यात जवळची वस्तू धरतो. पहिल्याच पोळ्याला माझे पाच-सहा फोटो यामुळे गेले: बैलाच्या तोंडाऐवजी पुढे हललेला ज्वारीचा धाट लख्ख, आणि सर्ज्या मागे धूसर. तेव्हापासून मी मधलाच ठिपका ठेवतो. मधला ठिपका आडव्या आणि उभ्या दोन्ही रेघा ओळखतो, म्हणून तोच सगळ्यात भरवशाचा.

रिकाम्या कॅमेऱ्यावर सराव असा करा. मागच्या बाजूचं ठिपका निवडायचं बटण दाबून डायल फिरवा आणि फक्त मधला ठेवा. घरातल्या कुणाला तरी ओसरीवर बसवा. ठिपका त्यांच्या डोळ्यावर ठेवून बटण अर्धं दाबा, पीप असा आवाज येईल. बोट तसंच धरून ठेवा, चौकट हवी तशी सरकवा आणि मग पूर्ण दाबा. माझ्या आईवर मी हे शंभरदा तरी केलं असेल. "फोटू काढायलास का नुस्तंच बघायलास?" असं ती विचारायची. तरी करत राहा. बोट आपोआप अर्ध्यावर थांबायला लागेपर्यंत करायचं.

चालत्या वस्तूंचं वेगळं आहे. ऑटोफोकसची पद्धत हाताने निवडायची सोय या बॉडीत नाही, ती मोडप्रमाणे ठरते. पळत्या खेळाडूचं चित्र असलेल्या मोडवर डायल नेली की फोकस वस्तूच्या मागे मागे जात राहतो. गावच्या कबड्डीच्या मैदानावर किंवा वेशीतून धावत येणाऱ्या बैलांसाठी तोच लावा.

उजेड: पांढरं धोतर आणि काळा दगड

इथे जरा थांबायला हवं, कारण मराठवाड्यात फोटो बिघडतात ते फोकसपेक्षा उजेडाच्या मोजणीमुळे.

कॅमेऱ्यातला मीटर चौकटीचे ३५ भाग करून प्रत्येकातला उजेड मोजतो. पण समोर कापूस आहे की कोळसा, हे त्याला कळत नाही. सगळं मिळून मध्यम करडं यावं एवढाच त्याचा हिशेब. चौकटभर पांढरं असलं तर तो म्हणतो उजेड फार आहे, आणि कमी देतो. चौकटभर काळं असलं तर जास्त देतो. पांढऱ्याचं मळकट होतं, काळ्याचं फिकट.

आता आपल्याकडे बघा. वेचणीला आलेला कापूस, पांढरं धोतर-सदरा-टोपी घातलेले म्हातारे, चुन्याची देवळं. दुसऱ्या बाजूला काळी माती, वेरूळचा आणि दौलताबादचा काळा दगड. मध्यम करडं असं इथे फार थोडं.

कापसाच्या शेतात उभे असाल तर एव्ही लिहिलेलं अधिक-वजा चिन्हाचं बटण दाबून डायल फिरवा आणि खूण अधिक १वर आणा. भर उन्हात सगळं पांढरंच असेल तर अधिक दीडवर. या बॉडीत अर्ध्या-अर्ध्या पायरीने (एक पायरी म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) वजा २ ते अधिक २ असं जाता येतं. काम झालं की खूण शून्यावर आणायला विसरू नका; कॅमेरा ती आपणहून परत नेत नाही.

काळ्या दगडासमोर मात्र वजा करायची घाई नको. कलर निगेटिव्ह जास्त उजेड सहज पचवते. दोन पायऱ्या जास्त झाला तरी स्कॅनमध्ये सावरतो. कमी उजेड ती पचवत नाही. सावल्यांमध्ये तिच्यावर काही उमटतच नाही आणि स्कॅनमध्ये राखाडी चिखल येतो. म्हणून शंका आली तर नेहमी अधिकच्या बाजूला झुका. वजा लागतं ते एकाच प्रसंगी: मागे काळा दगड चौकटभर आणि पुढे उन्हात उभं एखादं माणूस.

त्यासाठीही अधिक-वजापेक्षा चांगला उपाय बॉडीवरच आहे, ताऱ्याचं (*) बटण. ते दाबलं की कॅमेरा ३५ भाग सोडून फक्त मधला साधारण दहावा हिस्सा मोजतो आणि तेवढं माप काही सेकंद धरून ठेवतो. माणसाचा चेहरा मधोमध आणा, तारा दाबा, चौकट लावा, फोटो काढा. गुलाबी फेट्याखालचा सावलीतला चेहरा, दारातून येणाऱ्या उजेडाकडे पाठ करून बसलेली आजी, अशा ठिकाणी मी हेच करतो. आपल्या सावळ्या कातडीवर मोजलं तर थोडा उजेड जास्त मिळतो, आणि निगेटिव्हला तेच हवं असतं.

मीटर खरं बोलतो का, हेही रोल न घालता तपासता येतं. ढग नसलेल्या दिवशी अकरा-बाराच्या सुमारास फिल्मचा वेग (आयएसओ, म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील तो आकडा) २०० लावा, लेन्सचं छिद्र (उजेड आत येतो ती वाट) एफ १६ ठेवा आणि उन्हात असलेल्या डांबरी पण जुन्या, करड्या पडलेल्या रस्त्यावर धरा. १/२००च्या आसपास शटरचा वेग दिसला पाहिजे. १८० किंवा २५० दाखवला तर बिनधास्त पुढे जा. ६० किंवा १००० दाखवला तर कुठेतरी गडबड आहे. आधी अधिक-वजाची खूण शून्यावर आहे ना ते बघा.

डायल

हिरव्या चौकोनात सगळं कॅमेराच ठरवतो आणि थोडा अंधार वाटला की फ्लॅश आपोआप उघडतो. चित्रांच्या मोडपैकी खेळाडू सोडला तर मी कुठलाच वापरत नाही. शिकायचे आहेत ते एव्ही आणि टीव्ही. एव्हीमध्ये छिद्र तुम्ही ठरवता, वेग कॅमेरा. माणसासाठी ५० एमएमवर एफ २.८, देऊळ किंवा किल्ला असेल तर एफ ८. वेग १/६०च्या खाली गेला तर हात हलतो, म्हणून भिंतीला किंवा खांबाला टेका. टीव्हीमध्ये वेग तुम्ही ठरवता. धावत्या बैलांसाठी १/५००.

फ्लॅशचा एक हिशेब पाठ असू द्या. त्याचा मार्गदर्शक अंक १०० वेगाच्या फिल्मला १२ आहे. त्याला छिद्राच्या आकड्याने भागा, फ्लॅश किती लांब पोचेल ते कळतं: एफ ४ असेल तर ३ मीटर. ४०० वेगाच्या फिल्मला अंतर दुप्पट, ६ मीटर. हरिनाम सप्ताहात मंडपाच्या मागच्या रांगेत बसून कीर्तनकार बुवांवर फ्लॅश मारला तर तो पुढच्या चार रांगांच्या टोप्यांवर संपतो.

आता रोल

कोडॅक गोल्ड २०० किंवा अल्ट्रामॅक्स ४०० सुरुवातीला ठीक. काळ्या-पांढऱ्यासाठी इलफर्ड एचपी५ प्लस. आपल्या उन्हाला २०० पुरे, लेण्यांसाठी ४००.

सावलीत उभे राहा. दार उघडा, डबी खाचेत बसवा, जीभ (डबीबाहेर आलेलं फिल्मचं टोक) नारिंगी खुणेपर्यंत ओढा, ढिली राहू देऊ नका आणि दार लावा. कॅमेरा घुर्र करत सगळाच्या सगळा रोल आधी बाहेर ओढून घेतो. घाबरू नका, हीच त्याची रीत आहे. पडद्यावर ३६ दिसेल आणि आकडा उलटा उतरत जाईल. प्रत्येक फोटोनंतर तेवढा तुकडा डबीत परत जातो. याचा मोठा फायदा असा की मध्येच कुणी दार उघडलं तर काढलेले फोटो डबीत सुरक्षित असतात, जातो तो बाहेरचा कोरा भाग. घरात लहान मुलं असतील तर हे मोलाचं आहे.

डबीवरचे चंदेरी-काळे चौकोन म्हणजे डीएक्स कोड. त्यावरून कॅमेरा फिल्मचा वेग स्वतः वाचतो. मोठ्या रिळातून कापून भरलेल्या स्वस्त रोलवर हे चौकोन नसतात. तसा रोल घातला तर वेग हाताने लावा. ईओएस ३००मध्ये तशी सोय आहे. निकॉन एफ६५मध्ये ती नाही, तो कोड नसलेली डबी १००चीच धरतो. तेव्हा एफ६५ घेणाऱ्यांनी कोड असलेलेच रोल घ्यावेत.

खिशात एक छोटी वही ठेवा. क्रमांक, जागा, छिद्र, वेग, अधिक-वजा. निगेटिव्हवर यातलं काहीच उमटत नाही. पहिल्या दोन रोलांनी मला जे शिकवलं ते वहीमुळे.

वेरूळ, अजिंठा आणि चाळीस अंशांचं ऊन

वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी दर्शनी भाग सावलीत असतो, दुपार कलली की ऊन आत शिरतं. मी तीननंतरच जातो. मंगळवारी लेणी बंद असतात. कैलास वरून खाली कोरत आणलेला असल्याने अंगण खड्ड्यासारखं आहे, वर लख्ख आकाश आणि खाली काळोख. आकाश चौकटीतून काढून टाका किंवा दगडावर तारा दाबून मोजा.

अजिंठा सोमवारी बंद. चित्रांजवळ फ्लॅशला मनाई आहे आणि ती पाळायलाच हवी, ते रंग पुन्हा कुणाला लावता येणार नाहीत. म्हणून आत शिरण्याआधीच डायल हिरव्या चौकोनावरून एव्हीवर आणा, म्हणजे फ्लॅश आपोआप उघडणार नाही. ४०० वेगाची फिल्म आणि एफ १.८ असूनही वेग १/१५च्या खाली जाऊ शकतो. श्वास सोडून, कोपर पोटाला लावून तीन-तीन फोटो काढा. एखादा स्थिर येतो. फोकस बसत नसेल तर चित्राच्या कडेवर किंवा खांबाच्या धारेवर धरा.

एप्रिल-मेमध्ये उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत रोल ठेवू नका, उष्णतेने रंग बिघडतात. फ्रिजमध्ये ठेवत असाल तर वापरण्याच्या तासभर आधी बंद डबीतच बाहेर काढून ठेवा, नाहीतर फिल्मवर दव धरतं. आणि फुफाट्याच्या रस्त्यावर लेन्स बदलायची वेळ आली तर वाऱ्याकडे पाठ करा, बॉडीचं तोंड खाली धरा.

शेवटचा फोटो झाला की उरलेली फिल्म आपोआप आत जाते. जीभही आत जाते, त्यामुळे डबी वापरलेली की कोरी हे बघून कळत नाही. लगेच डबीवर मार्करने तारीख आणि जागा लिहा. मी रोल कुरियरने पुण्याला पाठवतो. चिठ्ठीत दोन गोष्टी ठळक लिहितो: निगेटिव्ह परत पाठवा, आणि सहा-सहाच्या पट्ट्या कापून कव्हरमध्ये घाला. न सांगता पाठवलेला माझा एक रोल पूर्ण गुंडाळी करून, रबर लावून परत आला होता. त्यावरचे ओरखडे कुठल्याच स्कॅनमध्ये गेले नाहीत.